त्रिंबकपंतांनी कर्नेल नेमिला ती हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. सूर हा धनी, लय ही धनीण, उभयतांस दंडवत करोन लिहिणे आरंभिले. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, कार्तिक मासी, त्रिंबकपंत म्हणोन एक सद्गृहस्थ घरातील मागील खोलीचे राज्य करीत होते. राज्यात माइक, हेडफोन आणि लिनक्सवर चालणारा संगणक, इतकाच सरंजाम. त्यांच्या थोरल्या भगिनी गोदाक्का थोर गाणाऱ्या. त्यांचे गळ्यास गाठ जाहली, डॉक्टरांनी सोमवारी शस्त्रक्रिया नेमिली, आणि आवाज पूर्वीचा राहीलच ऐसे नाही, ऐसे बजाविले. मातोश्रींची भूपातील चीज एका अक्कांचेच कंठी होती. ती सोमवारपूर्वी मुद्रित करावी, ऐसा पंतांनी पण केला.

मग अक्का गाऊ लागल्या, तो आवाज संगणकातून फिरोन हेडफोनात उशिरा पोचू लागला आणि लय पडली. अक्का म्हणाल्या, "अरे त्रिंबका, माझाच आवाज मागून हाका मारतोय मला. मी गाऊ का थांबू?" पंतांनी शोध केला, तो दोष कर्नेलाचा निघाला. कर्नेल म्हणजे संगणकाचा मुख्य कारभारी. कोणाचे काम आधी, कोणाचे मागाहून, हा हुकूम त्याचा. जुना कारभारी समदृष्टीचा, पडद्यावरील घड्याळ आणि अक्कांचा गळा यांस एके पंगतीस बसवी. तेव्हा इंटरनेटावरील जाणत्यांस कौल लाविला. एक म्हणाले, लो-लेटन्सी, म्हणजे अल्प विलंबाचा, कर्नेल नेमा, तो आवाजास अग्रमान देतो; दुसरे म्हणाले, जो आवाजास क्षणभरही तिष्ठत ठेवीत नाही तो रिअल-टाइमच नेमा, बाकी सारा भुसा. उभय पक्षांची धुमश्चक्री जाहली आणि पंत तीत रमले. आधी रिअल-टाइम नेमिला. विलंब मोडला, परंतु ग्राफिक्स कार्डाशी त्याचे न पटोन पडदाच काळा जाहला. मग त्यास बडतर्फ करोन लो-लेटन्सीस वस्त्रे दिली, आणि तो गुणी निघाला. अक्का म्हणाल्या, "आता नीट येतंय बघ. घे चटकन." परंतु पंतांस यशाची चटक लागली. बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठविण्याची कोठी, आणखी लहान करावा, उरला विलंब छाटावा, आणि दर खेपेस "अक्का, फक्त मुखडा म्हण एकदा" ऐसी विनंती करावी. बफर फार लहान होताच आवाजात चटचट होई, मग तो वाढवावा आणि पुन्हा मुखडा. अक्का मायेने म्हणत गेल्या, आणि चाचणीच ती, ऐसे मानोन पंत प्रत्येक मुखडा स्वहस्ते पुसत गेले.

रविवारी सर्व सिद्धता उत्तम जाहली, आणि अक्कांचा गळा बसला. पंतांचे तोंडचे पाणी पळाले. अक्का म्हणाल्या, "मुखडा तू आठवडाभर घेतलायस. उरल्या गळ्यात अंतरा तेवढा निघेल, तो घे." मग बसक्या गळ्याने अंतरा ऐसा गाइल्या की पंतांचे डोळे भरोन आले. मुखडा पुसला, हे मात्र त्यांच्याने सांगवले नाही.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, आवाज मात्र जाडा जाहला, वर चढेना. घरी येताच अक्का म्हणाल्या, "लाव रे, मुखड्यापासून लाव." पंत खाली मान घालोन म्हणाले, "पुसला गं अक्का. सगळे पुसले." अक्कांनी हातातले हेडफोन खाली ठेविले. मग म्हणाल्या, "मग तू म्हण. तुझ्याएवढा कुणी ऐकलाय?" पंतांनी म्हटला. अक्कांनी दोन जागा दुरुस्त केल्या, तिसरी सोडोन दिली.

एवं हकीकत. घरचे मुद्रणास लो-लेटन्सी कर्नेल पुरे, याहून अधिकाचा लोभ धरू नये. हल्ली त्या राज्यात अंतरा अक्कांचा आणि मुखडा पंतांचा, बेसूर, ऐसी चीज नांदते. विलंब मुळीच नाही. कळावे.