अकराव्या मजल्यावरचं छप्पर

नवा फ्लॅट बघायला आलेला माणूस आधी खिडकीतून बाहेर बघतो, मग स्वयंपाकघरात डोकावतो आणि जाता जाता किंमत विचारतो. भालचंद्र सबनीस आमच्याकडे पहिल्यांदा आले ते दारातच थांबले आणि मान मागे टाकून वर बघत राहिले. पाल दिसली की काय म्हणून मी आणि बायकोनेही वर बघितलं. पंखा होता, बाकी काही नव्हतं.

"वर कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"एक चिनी आजी आहेत म्हणे."

"म्हणजे तुमच्या डोक्यावर छप्पर नाही, देसाई. आजींची फरशी आहे." मग आमचे चेहरे बघून त्यांनी धीर दिला, "असू दे. माझंही तेच आहे."

हे आमचे शेजारी. सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या सरकारी इमारतीत, अकराव्या मजल्यावर, आमच्यापासून तिसरं दार त्यांचं. जहाजं बांधणाऱ्या एका यार्डात एस्टिमेटर म्हणून, म्हणजे कामांच्या खर्चाचे अंदाज बांधण्यात, तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. काकू वारल्या होत्या आणि एकुलती मुलगी मुग्धा ह्यूस्टनला होती. आणि या माणसाला, ज्याच्या मालकीचं वीतभर छप्पर या पृथ्वीवर कुठे नव्हतं, एकाच प्रश्नाने झपाटलं होतं: उष्ण हवेत, घराला डांबरी शिंगलचं छप्पर घालायचं तर खर्च किती?

डांबर रस्त्यावर घालतात एवढीच माझी समज होती. शिंगल म्हणजे डांबरात भिजवलेल्या, वरून दगडाची कच पेरलेल्या पट्ट्या, कौलांसारख्या एकावर एक चढवून ठोकतात, हे मला सबनीसकाकांनी लिफ्टची वाट बघताना समजावलं. लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली. आम्ही अजून खिळ्यांवर होतो.

सुरुवात मुग्धाने केली होती. तिने तिकडे घर घेतलं, छप्पर जुनं निघालं, तेव्हा एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर एस्टिमेटं केलीत. शिंगल बदलायचा खर्च साधारण किती धरावा?" पोरीने सहज विचारलं असणार. काकांनी उत्तर द्यायला घेतलं, ते पावणेदोन वर्षं देत होते.

दर रविवारी सकाळी नऊला ते तिला फोन करायचे. सोमवारपासून त्याची तयारी सुरू व्हायची. वहीत मुद्दे काढलेले असायचे: जुनं छप्पर उतरवायची मजुरी, पट्ट्यांखाली घालायचा कागद, माळ्यावरची गरम हवा बाहेर काढायची सोय. कुणी सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितला की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. "यात उतरवायची मजुरी कुठंय? का ते छप्पर स्वतःच्या पायांनी उतरणार?"

छप्पर इतकी वर्षं टिकेल, या कंपन्यांच्या गॅरंटीवर तर त्यांचा विशेष राग. "हे थंड हवेतलं झालं," ते म्हणायचे. "उन्हात काय टिकतं ते बोला!" हे वाक्य पुढे त्यांनी सगळीकडे वापरायला सुरुवात केली. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख? थंड हवेतली. माझ्या नव्या बुटांचे तळवे? थंड हवेतले. आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून पेढे द्यायला गेलो, तर म्हणाले, "आणि तीही उष्ण हवेत. शाब्बास." बायकोला ते फार आवडलं. मला अजून कळलेलं नाही की त्यात कौतुक नेमकं कुणाचं होतं.

सिंगापूरमध्ये असलं छप्पर घालणारे कंत्राटदार मोजकेच. त्या सगळ्यांना काकांचा आवाज पाठ झाला होता. एकदा मी समोरच बसलो होतो.

"अंकल, यू स्टे इलेव्हन्थ फ्लोअर," पलीकडचा गृहस्थ ओरडला. "व्हेअर गॉट रूफ?"

"सपोज गॉट," काका शांतपणे म्हणाले. "सपोज गॉट रूफ, हाऊ मच?"

"सपोज कॅनॉट, लाह!"

त्यातला एक मात्र खरंच आला. टेप घेऊन आला, वर बघितलं, टेप खिशात ठेवला, चहा प्यायला आणि जाताना शिंगलचे दोन उरलेले तुकडे देऊन गेला, एक काळा, एक करडा. माझ्या मते तो सुटका करून घेत होता. काकांच्या मते ते सहकार्य होतं.

मग कॉरिडॉरमध्ये प्रयोग सुरू झाला. चपलांच्या कपाटावर, दुपारचं ऊन पडतं तिथे, दोन तुकडे शेजारी शेजारी आणि त्यांच्यावर काकूंचा केक करायचा थर्मामीटर. काका दर तासाला भोकं पडलेली टोपी घालून बाहेर यायचे आणि नोंद करायचे. तिसऱ्या दिवशी मजल्यावरचं लठ्ठ पिवळं मांजर आलं, काळ्यावर पाय ठेवला, झटकला, आणि करड्यावर अंग टाकून झोपलं. मी वही स्वतः बघितली आहे. "दुपारी दोन. काळा: मांजर नाही. करडा: मांजर आहे." पुढचे सात दिवस तशीच नोंद. रविवारी हा अहवाल ह्यूस्टनला गेला.

आमच्या मराठी मंडळाची सहल पुलाउ उबीन बेटावर गेली तेव्हा तर कहर झाला. सगळे सायकली घेऊन पांगले, आणि काका एका जुन्या घराच्या पत्र्याला छत्रीने टकटक करत बसले. घरातल्या मलाय बाईंनी घाबरून दार उघडलं. अर्ध्या तासाने बघतो तर दोघं पायरीवर बसून शहाळं पीत होते आणि पत्रा दुपारी किती तापतो यावर बोलत होते. परतीच्या बोटीत बारा माणसं भरल्याशिवाय नावाडी हलत नाही. आम्ही अकरा होतो. बारावा छपरावर बोलत होता. मंडळाच्या अध्यक्षांनी त्या दिवशी उन्हात उभं राहून जे शब्द वापरले ते गणपतीच्या स्मरणिकेत छापता येणार नाहीत.

मलाही त्यांचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू! रविवारी पेपर उघडला की सव्वादहाला दारावर टकटक, आणि आज मुग्धा काय म्हणाली याचा वृत्तांत. "तिने विचारलं, काळं घेऊ की करडं. मी म्हटलं, थांब, घाई नको. पुढच्या रविवारी सांगतो." पोरीच्या घरात पाणी गळत असेल आणि हा माणूस तिला रविवारमागून रविवार थांबवतोय, याचा मला मनातून रागही यायचा.

मग मी ज्या बँकेत आहे तिच्या कामासाठी मला ह्यूस्टनला जावं लागलं. काकांनी मुग्धासाठी खोबऱ्याच्या वड्या आणि सत्तावीस पानी अंदाजपत्रक दिलं. वड्या हातात सांभाळून नेल्या, अंदाजपत्रक बॅगेच्या तळाशी टाकलं.

मुग्धाच्या घरासमोर टॅक्सीतून उतरलो आणि सवयीने वर बघितलं. म्हणजे काकांच्या सवयीने. छप्पर कोरं करकरीत होतं. करड्या शिंगलचं, टोकापासून टोकापर्यंत.

"मागच्या उन्हाळ्यातच घातलं, दादा," चहा ठेवता ठेवता मुग्धा म्हणाली. "करडंच घेतलं. मांजराचं ऐकलं."

"अगं, मग त्यांना सांगितलं का नाहीस? तिकडे तो माणूस अजून भाव काढतोय!"

तिने गॅस बारीक केला. "आई होती तोवर बाबा फोनवर दोनच वाक्यं बोलायचे. 'बरी आहेस ना?' आणि 'आईशी बोल.' आई गेल्यावर पहिले सहा महिने आम्ही दोघं नुसता फोन धरून बसायचो. त्यांना काय बोलावं कळायचं नाही, मलाही नाही. मग मी तो छपराचा प्रश्न विचारला." तिने चहात साखर घातली. "छप्पर झालं म्हणून सांगितलं तर पुढच्या रविवारी आम्ही काय बोलायचं? तुम्ही सांगू नका हं, दादा. शपथ आहे."

मी शपथ घेतली. बॅगेतून अंदाजपत्रक काढून तिच्या हातात दिलं तेव्हा मला लाज वाटली. ते चुरगळलं होतं.

पण मी एक नंबरचा वेंधळा. परत आल्यावर फोटो छापून घेतले आणि शनिवारी सकाळी काकांना नेऊन दिले. त्यात एक होता, अंगणात मुग्धा आणि तिची तीन वर्षांची रिया. काकांनी टेबलावरचं भिंग घेतलं. रियाचे दात मोजत असतील म्हणून मी खुशीत होतो, तेवढ्यात लक्षात आलं की भिंग रियावरून वर सरकलंय, आणि तिथेच थांबलंय. फोटोत मायलेकींच्या मागे अख्खं छप्पर आलं होतं.

काकांनी फोटो खिडकीच्या उजेडात नेला आणि भिंग पुन्हा धरलं.

"करडं घातलंय," शेवटी ते म्हणाले. मग आणखी जवळून बघून, "ओळी सरळ आहेत. काम चांगलं आहे." त्यांनी फोटो वहीत ठेवला आणि वही मिटली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर हात वर करून मला थांबवलं. "देसाई, उद्या नऊला या. चहा घ्यायला."

रात्रभर मला वाटत राहिलं, मी एका बापाचे रविवार बुडवले.

सकाळी नऊला गेलो. काकांनी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. वही उघडली, फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.

"मुग्धा, हे बघ," ते नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "छपराची घाई अजिबात करू नकोस. मी आणखी एक भाव मागवलाय."

"नाही हो बाबा," पलीकडून ती म्हणाली. "तुम्ही सांगितल्याशिवाय एक खिळासुद्धा ठोकणार नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मी वर आजींच्या फरशीकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

"आणि बाबा," मुग्धाने विचारलं, "मांजर काय म्हणतंय?"

"करड्यावरच आहे गं," ते म्हणाले.