तव्याचे दोन ठोके

बुधवारी दुपारी पावणेबारा वाजता निजामोद्दीनने घडीचा चाकू मिटला, सवयीप्रमाणे मनात दहापर्यंत आकडे मोजले, स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही म्हणून मुठीच्या पितळी टोकावर आपला माशाचा ठप्पा मारला आणि समाधानाने जेवायला आत गेला. आत शेगडी थंड होती. गौहर मंगळवारीच लेकीकडे, तीर्थपुरीला गेली होती.

तो तसाच उंबऱ्यावर बसला. चाळीस वर्षांत तपासणी न होता ठप्पा बसलेला हा पहिला चाकू होता. आणि तो नेमका ज्योत्स्नाताईंचा होता.

शहागडला महामार्गाच्या कडेला, टायरच्या दुकानामागे निजामोद्दीनचे दोन खणांचे घर आहे. पुढच्या खणात तो ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांपासून घडीचे चाकू घडवतो. मागच्या खणात स्वयंपाकघर. पाते तीन इंचांचे, मूठ बाभळीची. असे चाकू इतरही लोक करतात. तरीही चाकूंचे शौकीन वर्षवर्षभर थांबून याच्याकडूनच घेतात, त्याला कारण चाकू मिटतानाचा आवाज. मुठीतली कमान पात्याला नेमक्या जोराने ओढून घेते आणि एकच स्वच्छ ‘टक्’ होते. पेशाने दातांच्या डॉक्टर असलेल्या पुण्याच्या ज्योत्स्नाताईंनी इंटरनेटवर लिहिले होते: ‘पोलाद कुठेही मिळेल. शहागडच्या निजामचाचांचा कान मिळणार नाही.’

हे वाक्य निजामोद्दीनने छापून भिंतीवर लावले होते. अडचण एवढीच, की घणाच्या आवाजाने तो कान नऊ वर्षांपूर्वीच गेला होता. घण, हॉर्न, भांडण त्याला ऐकू येई. ‘टक्’ मात्र येत नसे. ते काम तेव्हापासून भिंतीपलीकडून गौहर करत होती. कमान घट्ट असली, की ती बिडाच्या तव्यावर उलथण्याचा एक ठोका देई. ढिली असली, की दोन. काहीच वाजले नाही, म्हणजे चाकू पास. ही पद्धत नऊ वर्षे निर्दोष चालली होती, आणि त्या दोघांखेरीज ती फक्त काकासाहेबांना ठाऊक होती.

काकासाहेब म्हणजे शेजारी. तंत्रशाळेत एकतीस वर्षे यंत्रकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात पेनाशेजारी केसाची जाडी मोजणारा व्हर्नियर असे.

“भाभी घरात न्हाईत, हे विसरलात काय निजामभाई?”

“विसरलो न्हाई. तवा वाजला न्हाई, म्हणून पास समजलो.”

“घरात माणूसच न्हाई, तर तवा वाजवणार कोण?”

“तेच तर. कोणीच वाजवला न्हाई.”

काकासाहेबांनी चष्मा पुसला. “शनिवारी त्या बाई येणार. तोवर भाभी येतील का?”

“कशी येईल? साजियाचं बाळ आठ दिवसांचं हाय.”

“मंग फोनवर ऐकवू. आवाज तो आवाज.”

फोन लागला. निजामोद्दीनने तो तोंडासमोर धरून आधी सर्वांची खुशाली विचारली आणि मग म्हणाला, “गौहर, बराबर ऐक.” त्याने चाकू मिटला. “आला?”

“क्या आला?”

त्याने पुन्हा मिटला. मग फोनला टेकवून मिटला. पाच वेळा झाले.

“न्हाई जी,” गौहर म्हणाली, “तुमचा श्वास येऊन राह्यला, मागून ट्रक येऊन राह्यला. चाकू बोलतच न्हाई.”

काकासाहेबांनी समजावले, की फोन माणसाचा आवाज ठेवतो आणि खटखूट कचरा समजून गाळून टाकतो. “म्हणजे तुमच्या आयुष्यभराचं काम याच्या हिशेबी कचरा,” असेही ते सहज बोलून गेले. निजामोद्दीन यावर इतक्या मोठ्याने बोलला, की तीर्थपुरीत बाळ उठले. त्याच्या रडण्यातून गौहरचा आवाज आला, “ठप्पा मारला क्या?”

निजामोद्दीनने मुठीवरचा मासा अंगठ्याने झाकला.

“मारला क्या जी?”

“... मारला.”

पलीकडे शांतता पसरली. निजामोद्दीनने मनात दहापर्यंत मोजले आणि आशेने विचारले, “पास म्हणायचं का?”

“तिने फोन ठेवला, निजामभाई. त्याला पास म्हणत न्हाईत.”

गुरुवारी सकाळी काकासाहेबांनी गौहरची जागा घेतली. स्वयंपाकघरात पाटावर बसून, उजव्या हातात उलथणे आणि डाव्या हातात मोबाईल धरून त्यांनी तपासणी सुरू केली. पहिल्यांदा एक ठोका पडला. निजामोद्दीनने रिव्हेट काढून कमान सैल केली. मग दोन पडले. त्याने ती ताणली. मग पुन्हा एक. तिसऱ्यांदा चाकू उघडावा लागला, तेव्हा तो हातोडी घेऊनच आत आला.

“मास्तर, तुम्ही ऐकून राह्यले का मोजून राह्यले?”

“मोजतोय. आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलंय. एकाहत्तर येतंय, बहात्तर पाहिजे.”

“बहात्तर कोणी सांगितलं?”

“कोणीतरी आकडा ठरवावाच लागतो!”

“गौहरनं कधी आकडा सांगितला न्हाई.”

“म्हणून तर आज ही वेळ आली. मागचा ठोका तुम्हाला नीट ऐकू आलता का?”

“न्हाई. जरा जोरात मारा.”

निजामोद्दीन बाहेर जाऊन बसला. त्याने चाकू मिटला. काकासाहेबांनी, सूचनेचा मान राखून, जोरात मारले; मात्र उलथण्याने नव्हे, निजामोद्दीन आत विसरून गेलेल्या हातोडीने. बीड ताणले जात नाही, तुटते, हे त्यांनी एकतीस तुकड्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवले होते.

“हा एक होता का दोन?” निजामोद्दीनने बाहेरून विचारले.

“हा शेवटचा होता,” काकासाहेब म्हणाले आणि तव्याचे दोन तुकडे हातात घेऊन दारात उभे राहिले.

तवा गौहरच्या आईकडचा होता. त्या दिवशी मग चाकूचे नाव कोणी काढले नाही.

शनिवारी अकरा वाजता ज्योत्स्नाताई आल्या. बरोबर आणखी चार शौकीन होते आणि एक कॅमेरा होता. चौदा महिने थांबून मिळणारा चाकू प्रत्यक्ष पास होताना त्यांना पाहायचा होता.

“चाचा, तुम्ही नेहमीसारखंच करा. आम्ही कोणी बोलणार नाही.”

निजामोद्दीनने काकासाहेबांकडे पाहिले. काकासाहेबांनी भिंतीवरच्या छापील वाक्याकडे. आता हा चाकू पास म्हणावा आणि तो खरोखर ढिला निघावा, तर पुण्यात पाच माणसांसमोर पाते एखाद्या बोटावर मिटेल, आणि त्या बोटाबरोबर चाळीस वर्षांचे नावही जाईल. नापास म्हणावा, तर कशासाठी, ते सांगावे लागेल. त्याने डोळे मिटले आणि चाकू मिटला.

सगळे श्वास रोखून बसले. एका गृहस्थाने तर आपले घड्याळही काढून खिशात टाकले. एक, दोन, तीन... निजामोद्दीन सवयीने मोजत होता. सात झाले, आणि आतून आवाज आला: ठण्ण. ठण्ण.

काकासाहेब जागच्या जागी उडाले. निजामोद्दीनचे डोळे मात्र मिटलेलेच राहिले. फक्त चेहरा उजळला.

“ढिला हाय,” तो म्हणाला.

“काय कान आहे!” ज्योत्स्नाताई कुजबुजल्या. “आम्हाला तर काहीच फरक कळला नाही. आत भांडं पडलं, तरी चाचांचं लक्ष हललं नाही!” त्यांनी वही काढली आणि भराभर लिहायला सुरुवात केली.

निजामोद्दीनने दोन ओळी होऊ दिल्या. मग तो उठला. “ताई, तुम्ही लिहून राह्यले ना? मंग बराबर लिहा. गौहर, बाहेर ये.”

मागच्या दाराने नुकतीच घरात शिरलेली गौहर पदराने घाम पुसत दारात आली. हातात कुकरचे झाकण होते. “अंकुशनगरपाशी उसाच्या ट्रॅक्टरांनी एसटी अडवून धरली,” ती म्हणाली, “न्हाईतर जल्दीच आले असते. ठप्पा मारला म्हणले, मंग मला तिकडं घास जाईना. आणि माझा तवा कुठं हाय?”

तव्याबद्दल कोणी बोलेना, म्हणून निजामोद्दीनने कानाबद्दल सगळे सांगून टाकले. घण, नऊ वर्षे, एक ठोका, दोन ठोके. सांगताना त्याने भिंतीवरचा कागदही काढून हातात घेतला.

“पण काकू, तुम्हाला भिंतीपलीकडून कळतं कसं?” ज्योत्स्नाताईंनी विचारले.

“मला चाकूतलं काय कळतंय, बाई? बराबर मिटला, की माझी पोळी चालू राहते. चुकीचा मिटला, की हात थांबतो. बुधवारी कसा वाजत होता, कोणास ठाऊक. आज तर बिलकुल ढिला हाय. कोणी छेडला काय याला?”

काकासाहेब व्हर्नियर पुसू लागले.

निजामोद्दीनने सर्वांसमोर रिव्हेट काढले, कमानीला केसभर बाक दिला आणि पाऊण तासात चाकू पुन्हा जोडला. गौहर आत गेली. त्याने चाकू मिटला. या वेळी पाहुण्यांनीही मनात दहापर्यंत मोजले. आतून फक्त पोळपाटावर लाटणे फिरल्याचा आवाज येत राहिला. ज्योत्स्नाताईंनी चाकू दोन्ही हातांनी घेतला, कागद मागून घेतला आणि ‘निजामचाचांचा’ हे शब्द खोडून वर ‘गौहरकाकूंचा’ असे लिहिले.

तव्याची हकिगत शेवटी पाहुण्यांसमोरच निघाली होती; पंधरा दिवसांनी पुण्याहून तवा आला. उंची, काळा, चिकटू न देणारा. त्यावर उलथणे मारले, की ‘थप्’ एवढेच होई, तेही स्वयंपाकघरातच राही. त्या आठवड्यात निजामोद्दीनचे ओळीने चार चाकू पास झाले. पाचव्याला गौहर पिठाच्या हातानेच बाहेर आली.

मग तिघे तीर्थपुरीच्या बाजारात गेले. गौहर तव्यांच्या ढिगापाशी बसली. निजामोद्दीन रस्त्यापलीकडे, काकासाहेबांनी पावले मोजून दाखवलेल्या जागी, डोळे मिटून उभा राहिला. ती एकेक तवा उचलून वाजवी आणि मान वर करून पाही. दुकानदार म्हणाला, “काकू, पोळ्या करायच्यात का देवळात टांगायचाय?”

“थांबा हो. त्यांना ऐकू द्या.”

सहा तवे झाले. सातव्याला, रस्त्यापलीकडे, ट्रकच्या धुरळ्यातून निजामोद्दीनचा हात वर गेला.

“हा द्या,” गौहर म्हणाली. “आमच्या घरात कान त्यांचाच हाय.”