पांढऱ्या सुटाचं धुणं

खलनायक पिस्तूल रोखून उभा असतो, नायकाच्या कपाळावर घाम असतो, आणि आमचे शेजारी अंबादासकाका विचारतात, "ह्याचा पांढरा सूट धुवायलंय कोण?"

सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यापासून काका दुपारभर टीव्हीवर ऐंशीच्या दशकातले गुन्हेगारी सिनेमे बघतात. मला कॉलेजात नेमका त्याच सिनेमांवर निबंध लिहायचा होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारायचं कुणाला हेही कळेना. म्हणून काकांकडे जाऊन बसलो.

प्रकाशयोजना, हिंसेचं आकर्षण वगैरे माझ्या डोक्यात होतं. काकांची टीका वेगळीच निघाली. चाळीस गुंड एकदम धावून आले की, "इतक्यांच्या भाकरी कोण थापायलंय? अड्ड्यात एखादी चूल तर दाखवा." नायक काचेची भिंत फोडून आत आला की काका स्वतःचे पाय खाटेवर घेतात. "आता बघ. झाडू काही दाखवणार न्हाईत."

मला ते सगळं पटायचं. शिवाय मोठ्यांना उलट बोलायची आमच्याकडे सवय नाही. पण मी "बरोबर आहे, काका" म्हटलं की ते चिडायचे.

"बरोबर काय बरोबर? भांड की जरा. मान हलवायलाच शिकवायलेत का कॉलेजात?"

"पण तुमचं खरंच बरोबर आहे."

"मग जा घरी."

असा मी दोनदा घरी आलो. तिसऱ्या खेपेला भीत भीत विचारलं, "काका, इतक्या चुका दिसायच्या, तर तेव्हा टॉकीजला जात कशाला होता?"

"मला कुठं दिसायच्या? मला लय आवडायचे हे सिनेमे. लग्नात पांढरे बूट घातले होते मी. चुका दिसायच्या तुझ्या काकूला."

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या.

"टॉकीजात बायकांची बाजू वेगळी असायची. ती तिकडं, मी इकडं. घरात माझ्या वडलांसमोर आमी एकमेकांशी बोलत नव्हतो. सिनेमा सुटल्यावर घरापर्यंत काय ते बोलणं. ती म्हणायची, सूट कोण धुतंय. मी म्हणायचो, अगं, रुबाब बघ की. भांडण उरलं तर लांबच्या रस्त्यानं यायचो."

टीव्हीवर खलनायकाची फिरती खुर्ची वळली. काका सवयीनं पुटपुटले, "पांढरा सूट. धुवायलंय कोण?"

मी घसा खाकरला. "सुटाचं सोडा हो, काका. रुबाब बघा की."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीचा आवाज बंद केला आणि नीट मांडी घातली.

"रुबाब? काखेतला घामाचा डाग पिवळा पडला की निघत न्हाई, ठाव हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मी हरत चाललो होतो, तरी तो वाद मी लांबच्या रस्त्यानं नेला.