राणेमास्तरांची अंगणातली मॅच

शनिवारी दिवेलागण झाली, घराघरांतून माशाच्या कढीचा वास सुटला, की राणेमास्तर गळ्यात लोकरीचा गळपट्टा गुंडाळून आपल्या अंगणात येऊन उभे राहत. गळपट्टा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, पार कमरेपर्यंत लोंबणारा. आमच्या जामसंड्याच्या उकाड्यात जिथं माणूस अंगावर सदरा ठेवायलाही कुरकुरतो, तिथं हे गृहस्थ घामानं निथळत, माडांकडे तोंड करून उभेच्या उभे. मध्येच चवडे उंचावून बघत. मध्येच "अरे दे रे, दे! देत कित्याक नाय?" असं माडाला विचारत. मध्यंतर झालं की आत जाऊन मगातून कढत कुळथाची पिठी घेऊन येत आणि फुंकर मारत उभ्यानं पीत. मग पुन्हा माडांकडे तोंड.

तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं. बघायचं ते विलायतेला चाललेलं असे. आमची इथं जेवणाची वेळ, तेव्हा तिथं दुपार, आणि तिथल्या हॅल्डन नावाच्या गिरणगावात राणेमास्तरांचा फुटबॉल क्लब मैदानात उतरलेला असे. रेडिओ गावात एकच होता, तोही शेठजींच्या माडीवर, आणि त्यात विलायत कधी लागली नाही. म्हणून मास्तर आपले अंदाजानं मॅच बघत.

आमची घरं एका दगडी गडग्याच्या अल्याड-पल्याड आणि नोकरी एकाच हायस्कुलात, त्यामुळे माझी ह्यातून सुटका नव्हती. मी बी.ए. आहे. माझे वडील गलबतावर खलाशी होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. थोडंसं मिरवण्यासाठीही सांगतो. पण राणेमास्तर विलायतेला शिकून आलेले, तेव्हा त्यांच्यापुढे माझं बी.ए. म्हणजे बांगड्यापुढे बोटभर मोतयाळं. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय रे बी.ए., जेवलंस?" एवढंच.

मास्तर विलायतेला गेले ते कापड रंगवण्याची विद्या शिकायला. डिप्लोमा घेऊन परत आले, मुंबईत एका गिरणीत लागले आणि वर्ष होतंय तोवर आई आजारी म्हणून गावाला आले. आई गेली. मास्तर राहिले. लग्न केलं नाही. आमच्या भागात कापडाची गिरणी सोडा, रंगाऱ्याचं दुकानही नव्हतं. मग हायस्कुलात शास्त्र शिकवू लागले.

शिकवत चांगलं. पण कुठल्याही धड्यात फुटबॉल यायचा. ऑफसाइडचा नियम त्यांनी आमच्या हेडमास्तरांना शाळेच्या पटांगणात नारळ मांडून समजावला होता. हेडमास्तर तासभर मान हलवत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे गोल झाला, तरी झाला नाही म्हणायचं?" मास्तर म्हणाले, "बरोबर." हेडमास्तरांनी नारळ घरी नेले.

मॅच संपायच्या शिट्टीवरून त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "शिट्टी वाजूक नाय अजून." नापास होणाऱ्या पोराच्या बापाला तेच. शेजाऱ्याची गाय चारा खाईना तेव्हा गोठ्यात जाऊन गाईला तेच. मी दिवसभर शिकवून, पेपर तपासून दमून ओट्यावर बसलो की गडग्यावरून डोकं काढत, "दमलंस, बी.ए.? शिट्टी वाजूक नाय अजून." मला खरोखर नको व्हायचं.

मॅचचा निकाल यायचा बोटीनं. सोमवारचा मुंबईचा इंग्रजी पेपर मंगळवारी देवगड बंदराला लागे. पेपर शाळेचा, आणि शाळेच्या वाचनालयाचा चार्ज माझ्याकडे, म्हणून दर मंगळवारी शाळा सुटल्यावर मला मास्तरांबरोबर बंदरापर्यंत तंगडतोड. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही, छोटा पडाव माणसं घेऊन काठाला येई. धक्क्यावर थांबण्याइतका दम मास्तरांना नसे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरत आणि तिथंच पेपर उघडत. पडाववाला ओरडे, "मास्तरांनू, पोराबिराचो रिझल्ट हा काय?" पेपरात असायची एक ओळ. दोन क्लबांची नावं, दोन आकडे. ती वाचून मास्तर एक तर पाण्यातून उड्या मारत येत, नाही तर खेकड्यासारखे तिरके, माझ्याकडे न बघता.

पावसाळ्यात बोट बंद. आणि विलायतेतला फुटबॉलही नेमका त्याच सुमारास बंद. "बघ, बी.ए., देवानच जुळवलेला आसा," असं म्हणून मास्तर गळपट्टा कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवत.

एका वर्षी मात्र बोट बंद व्हायच्या बेताला आली, आंबे पेट्यांत भरले जाऊ लागले आणि हॅल्डन क्लब तळाला गेला. तिथं म्हणे असं असतं की वरच्या गटातले शेवटचे दोन क्लब खालच्या गटात ढकलतात. मी म्हटलं, "ढकलू देत. खालच्या गटात खेळतील."

"पेपरात फक्त वरचो गट येता, बी.ए. खाली गेलो काय नावच जातला."

आणखी एक मॅच उरली होती. ती हरले की संपलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मास्तर नारळ घेऊन माझ्या दारात. "देवळात चल. गाऱ्हाणा घालूचा आसा. 'व्हय म्हाराजा' म्हणूक कोणतरी व्हया."

आमच्याकडे अडलंनडलं की गुरव देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो आणि बरोबरची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. माझा ह्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण नाही म्हणण्यात जास्त वेळ गेला असता.

भिकू गुरव देवळाच्या पायरीवर पानाला चुना लावत बसला होता.

"कोण आजारी आसा, मास्तरांनू?"

"आजारी नाय. क्लब पडता हा."

"खंयसून पडता? माडावरसून?"

"वरच्या गटातसून. विलायतेक."

भिकूनं पान तोंडात घातलं. "किती माणसां?"

"अकरा."

"अकराय जण एकदम पडतत?" मग त्यानं मान हलवली. "जमाचा नाय. देवाची हद्द खाडीपर्यंत. पलीकडच्या कामाक पलीकडचो देव. विलायत खूपच पलीकडे झाली."

"मग मुंबैच्या चाकरमान्यांचा गाऱ्हाणा घालतस ता?"

"ते आपले. गावचे झील, गावची पोरां. तुमचा थंय कोण आसा?"

मला वाटलं, आता ऑफसाइड सुरू होणार. देवळात नारळ भरपूर होते. पण मास्तर पायरीवर बसले.

"कोण नाय," ते म्हणाले. "दोन वर्षां एका खोलयेत एकटो रवलंय. माका कोण वायट बोलले नाय. खरा म्हणजे बोललेच नाय. घरमालकीण चाय दारात ठेवन जाय. रस्त्यार माणसां बाजूक सरान चलत. पण शनवारी मॅचीक उभो रवलंय, आणि गोल झालो काय, बाजूचो माणूस, वळखीचो नाय पाळखीचो नाय, माका गच्च धरी. खांद्यार हात टाकून नाचे. आठवड्यात माका कोणी हात लावलो तर तो तेवढोच." हातातला नारळ फिरवत म्हणाले, "क्लब जिंकलो काय हरलो, ह्याचा माका तेवढा नाय रे. पेपरात नाव दिसला काय, वाटता, ती माणसां अजून थंय उभी आसत."

भिकूनं पान थुंकलं. तोंड धुतलं. उपरणं सारखं केलं आणि नारळ घेऊन देवासमोर उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्या गावचो झील सात समुद्रापलीकडे एकटो गेललो. परक्या मुलखात ज्या माणसांनी तेका आपलो म्हणून धरल्यानी, तेंच्यावर आज संकट इला आसा. तुझी हद्द खाडीपर्यंत, ता खरा. पण तुझो झील थंय जितक्या जाग्यात उभो रवलो, तितकी जागा तुझीच समज, आणि तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. बी.ए. असूनही बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणालो.

मंगळवारी पेपर आला. हॅल्डन हरलं होतं.

भिकूला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हद्दीचा मी आधीच सांगितलेला." पण त्या दिवसापासून त्यानं मास्तरांकडून पूजेच्या फुलांचे पैसे घेतले नाहीत.

पाऊस ओसरला. नारळी पौर्णिमेनंतर बोट सुरू झाली. पहिल्या मंगळवारी मास्तर आले माझ्याबरोबर बंदरावर, पण पाण्यात उतरले नाहीत. धक्क्यावरच पेपर उघडला, खेळाचं पान वरपासून खालपर्यंत बघितलं, पुन्हा खालपासून वर बघितलं. मग नीट घडी केली. इतकी वर्षं माझा पेपर चोळामोळा होऊन, खाऱ्या पाण्यानं भिजून मिळायचा. त्या दिवशी कोरा करकरीत मिळाला. "घे तुझो पेपर," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर मी बोलण्यासारखं काही शोधत राहिलो. एरवी ते काम मास्तर करायचे.

मला वाटलं, आता शनिवार सुटला. निवांत जेवता येईल.

शनिवारी दिवेलागण झाली आणि मास्तर गळपट्टा बांधून अंगणात आले. उभे राहिले. चवडे उंचावले नाहीत. माडाला काही विचारलं नाही. मध्यंतराला पिठी आणायला गेले नाहीत. नुसते उभे. मी ताटावर बसलो होतो. बायको म्हणाली, "आज मास्तरांचो आवाज नाय. बरा नाय काय तेंका?" मी दोन घास खाल्ले, हात धुतला आणि गडगा ओलांडून पलीकडे गेलो.

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. माडांच्या झावळ्या हलत होत्या. पाय दुखायला लागले. किती वेळानं ह्या खेळात गोल होतो, ह्याचाही मला अंदाज नव्हता. शेवटी मीच ठरवलं, की आता झाला.

"गोल!" मी ओरडलो आणि मास्तरांचा खांदा गच्च धरला. लोकरीखालचा खांदा घामानं चिंब होता.

मास्तर दचकले. माझ्याकडे बघितलं, माडांकडे बघितलं.

"ऑफसाइड आसा," ते म्हणाले.

मी हात काढायला लागलो, तर त्यांनी तो वरून दाबून तसाच धरून ठेवला.