हत्तीला सोसणारा कागद

हत्ती अकराव्यांदा बसला. म्हणजे आधी मागचे पाय फाकले, मग पोट टेकलं आणि शेवटी सोंडेवर डोकं ठेवून तो टेबलावर असा पसरला, की जणू दिवसभर ओझी वाहून आलाय.

"पाय मोडलेत त्याचे," पडद्यापलीकडून शिंपीमास्तर म्हणाले. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मध्ये एक पडदा. त्यामुळे बायकोची फजिती त्यांना मशीनवरून न उठताही कळत असे.

"पाय नाही, कागद मोडतोय," बाई म्हणाल्या.

मास्तरांची बायको म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तो आता येऊ घातला होता. वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे समोरच्या इमारतीतले वकीलसाहेब, त्यांनी सांगून ठेवलं होतं, की येत्या रविवारी चार जणांसमोर कागदाच्या वस्तू करून दाखवा. जमलं तर दर रविवारी वाचनालयाच्या खोलीत तुमचा वर्ग. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बाह्यांना काजं करणाऱ्या बाईला स्वतःची खोली मिळत होती, तीही फळ्यासकट. आणि हत्ती बसत होता.

गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी घरातला एकही कागद सुखाने पडू दिला नव्हता. वर्तमानपत्र गरीब स्वभावाचं, सांगाल तिथे वळतं, पण पाठ फिरली की उलगडतं. मासिकाचं गुळगुळीत पान घडीवर तडकून आतला पांढरा दात दाखवतं. चॉकलेटची चांदी आज्ञाधारक, पण तिला एकही चूक विसरता येत नाही. करकोच्याला पातळ आणि कडक कागद लागतो, मान बारीक काढायची असते ना. उडी मारणाऱ्या बेडकाला पोस्टकार्ड, म्हणजे मागून दाबलं की टुणकन जातो. हे सगळं त्यांचं त्यांनाच सापडलं होतं. फक्त हत्तीला काय हवं ते कळत नव्हतं. मग शुक्रवारी दुपारी मास्तर बटणं आणायला गेले आणि बाईंची नजर दुकानातल्या खुंटीवर गेली.

तिथे कापड बेतायची खाकी कागदाची कटिंगं टांगलेली असत. सगळ्यात मागे एक जुनं, धूळ खाल्लेलं. बाईंनी बोटांत धरून पाहिलं. जाड, पण हाताळून मऊ झालेलं, आणि चिवट. त्याच्या कडेला पट्ट्यांवर पट्ट्या चिकटवल्या होत्या. दुहेरी जागी घडी नीट बसत नाही, म्हणून बाईंनी पट्ट्या सोडवल्या, मधला चांगला चौकोन कापला, पेन्सिलीने लिहिलेली बाजू न वाचताच आत घेतली, ओल्या फडक्याने जरासा दमट केला आणि घड्या घातल्या. पायांना कपड्याचे चिमटे लावून रात्रभर वाळवला.

सकाळी चिमटे काढले. हत्ती उभा होता. बाईंनी टेबल हलवून पाहिलं, तरी उभाच.

दहा वाजता वकीलसाहेब कोटाचं कापड घेऊन आले. "नेहमीचंच, मास्तर. वीस वर्षांत आपलं माप इंचभर हललेलं नाही."

"हो, हो," म्हणत मास्तर खुंटीकडे वळले आणि वळलेलेच राहिले. मग पडदा सारून आत आले.

"अगं, सगळ्यात मागचं कटिंग कुठंय?"

बाईंनी हत्तीकडे बोट दाखवलं. मास्तर स्टुलावर बसले.

"जुनं होतं हो. मला वाटलं, कोणी वापरत नाही."

"त्यांचंच आहे ते," मास्तर कुजबुजले. "टेप लावू देत नाहीत अंगाला. म्हणतात, माप घ्यायचं ते ज्याचं बदलतं त्याचं. मी आपला दर वेळी नजरेनं अंदाज घेतो आणि पोटाला एक पट्टी चिकटवतो."

"म्हणजे मी काढल्या त्या?"

"वीस वर्षांचं पोट काढलंस तू. आता कोट बेतू कशावरून? उलगड तो."

"उलगडून काय, चौकोन कापलाय. आणि उद्या मी तिथं काय दाखवू, बेडूक?"

एवढ्यात पडदा हलला. वाट पाहणं वकिलांच्या स्वभावात नव्हतं, आणि दिसेल ती गोष्ट तपासल्याशिवाय ठेवणंही.

"अरे वा, हा का तो हत्ती? उभा आहे की. कसला कागद, वहिनी?"

"साधाच आहे," बाई म्हणाल्या.

"साधा कागद असा उभा राहत नाही." त्यांनी हत्ती उचलला, उलटा केला, चष्मा वर सरकवून पोटाखाली पाहिलं. "आत कसा भरलाय तरी?" आणि कोणी नको म्हणायच्या आत त्यांनी एक पाय सोडवला.

मग दुसरा. कान, शेपूट. सोंडेपाशी ते अडले, पण हट्टाने तीही उलगडली. आतल्या बाजूला मास्तरांचं पेन्सिलीतलं सुबक अक्षर होतं. वकीलसाहेब. पोटाच्या पट्ट्या. अधिक एक. अधिक अर्धा. अधिक दीड. रकाना लांबलचक होता.

वकिलांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. कोर्टात कागद वाचतात तसा, दोनदा.

"मास्तर, हे मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, साहेब."

वकिलांनी कागद टेबलावर ठेवून दोन्ही हात बाजूला पसरले. "काढा टेप."

मास्तरांनी टेप काढली. बाई चुरगळलेला चौकोन हाताने सारखा करत राहिल्या. आता तो हत्तीच्याही कामाचा नव्हता आणि कोटाच्याही.

"उद्याचं काय, वहिनी?" वकील छताकडे बघत म्हणाले.

"असा कागद पुन्हा कुठला मिळायचा?"

"मास्तर, माझ्या पँटचं कटिंग असेल ना?"

"आहे."

"त्यालाही पट्ट्या?"

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी चार बोटं दाखवली.

"मग द्या ते वहिनींना. पण पट्ट्या असू द्या. बघू या, जाड हत्ती कसा दिसतो."

"नाही चालायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज आधीच फळ्यासमोरचा झाला होता. "पट्ट्या काढाव्याच लागतील."

"काढा मग," वकील म्हणाले आणि मघापासून रोखून धरलेला श्वास त्यांनी सोडला. मास्तरांनी मुकाट्याने टेप दोन इंच सैल केली.