विश्रांतीस्थान क्रमांक चार

वरकुट्याच्या रावजी शेंड्यांच्या स्वयंपाकघरातून बारामती ते नरसिंहपूर हा अधिकृत सायकलमार्ग जातो, ही माहिती खुद्द रावजींना सर्वांत शेवटी मिळाली. तीही सरकारने दिली नाही. एका रविवारी सकाळी पावणेसातला रावजी गॅसजवळ पाय पसरून चहाची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे आणि खांद्यावर सायकल घेतलेला एक गृहस्थ आत आला.

"काका, जरा पाय घ्या," गृहस्थ म्हणाला. "मार्ग इथून आहे."

रावजींनी पाय घेतले. वाटेत पाय पसरून बसू नये हे त्यांना लहानपणीच शिकवलं होतं. वाट घरात येईल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गृहस्थाच्या फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "मागच्या दाराने बाहेर पडा. वीस मीटरवर उजवीकडे वळा. चार मिनिटे थांबा." वीस मीटरवर उजवीकडे शेंड्यांचा संडास होता. गृहस्थ सायकल बाहेर टेकवून आत गेला, बरोबर चार मिनिटांनी बाहेर आला, गोठ्याला एक फेरी मारली, वासरापुढे दीड मिनिट उभा राहिला, पुन्हा स्वयंपाकघरात आला, फडताळाला हात लावला आणि पुढच्या दाराने निघाला. त्याच्या मागे आणखी अकरा जण होते. त्या दिवशी संडासासाठी रावजींचा नंबर तेरावा लागला.

या मंडळींचा म्होरक्या विशाल. त्याचं बारामतीत ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं आणि पाइप कधी वाकवू नये याबद्दल तो जितका ठाम होता, तितकाच मार्गाबद्दल होता.

"अवो, पण हे आमचं घर हाय," रावजी म्हणाले.

"असेल की. आम्ही कुठं नाही म्हणतो?" विशालने फोन पुढे केला. "पण मार्ग बघा ना. 'सायकलवाट' ॲप आहे हे, सरकारी. शंभर टक्के मार्ग पाळला तरच प्रमाणपत्र मिळतं. आमच्यातला एक डॉक्टर तुमच्या घरात न शिरता सरळ पुढे गेला परवा. नव्याण्णव टक्क्यांवर अडकलाय. कुणी बोलत नाही त्याच्याशी."

पडद्यावर निळी रेघ रावजींच्या घरभर फिरली होती. रावजींनी चष्मा पुसून ती नीट पाहिली आणि त्यांना ती ओळखीची वाटली. फाटक, स्वयंपाकघर, संडास, वासरू, परत स्वयंपाकघर. या वाटेने जगात एकच माणूस चालतो, आणि तो म्हणजे त्यांचे साडू दादासाहेब.

दादासाहेब बारामतीच्या सायकलमार्ग समन्वय कक्षात लिपिक होते. मार्गावर स्वतः सायकल चालवून फोनमध्ये नोंद करावी, असा त्यांना लेखी आदेश मिळाला होता. उन्हाचं सायकल कोण मारणार, म्हणून ते फोन खिशात टाकून मोटारसायकलवर निघाले. वाटेत साडूचं घर. तिथे न थांबता गेले असते, तर रावजींच्या पत्नी छबूबाई वर्षभर आपल्या बहिणीशी बोलल्या नसत्या. थांबल्यावर चहा आला, चहानंतर पोहे आले, पोह्यांनंतर जे यायचं ते आलं, मग नवं वासरू बघणं आलं. निघाल्यावर फडताळावर राहिलेला गॉगल आठवला. हे सगळं चालू असताना नोंद बंद करायची असते, हे आदेशात कुठेही लिहिलेलं नव्हतं. कक्षाने बेचाळीस मिनिटांच्या या मुक्कामाला 'विश्रांतीस्थान क्रमांक चार' असं नाव देऊन मार्ग प्रमाणित केला.

छबूबाईंनी बाराही जणांना चहा दिला. दारात आलेल्याला चहा दिल्यावाचून सोडायचं नाही ही शेंड्यांच्या घरची रीत, आणि ही माणसं तर दार ओलांडून थेट शेगडीपर्यंत आलेली. पुढच्या रविवारी एकतीस आले. त्याच्या पुढच्या रविवारी चौसष्ट आले. गाय बुजली आणि पान्हा चोरू लागली. छबूबाईंनी गणेश मंडळाचं मोठं पातेलं आणलं. रावजींनी बारामतीची एसटी धरली.

समन्वय कक्षाचे प्रमुख बापूसाहेब यांनी तक्रार शांतपणे ऐकली.

"म्हणजे आपलं घर अधिकृत मार्गात येतंय," ते म्हणाले.

"घर न्हाय साहेब, मार्ग घरात येतुय. घर माझ्या आज्यानं बांधलंय."

"आजोबांनी बांधताना नियोजित मार्गाची चौकशी केली होती का?"

"मार्ग मागल्या म्हयन्यात झालाय."

"बरोबर. आणि हरकती मागवल्या होत्या. ॲपवर. पंधरा दिवसांत एकही आली नाही, म्हणजे गावाची संमती धरली जाते." बापूसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "एवढ्या लोकांची सोय होतेय, रावजी. तुम्हाला आनंद नाही का होत?"

रावजींना आनंद झाला नाही हे बहुधा इतिवृत्तात नोंदलं गेलं असावं, कारण आठवड्याने पत्र आलं. विश्रांतीस्थान क्रमांक चारची दोन्ही दारं रविवारी पहाटे पाच ते दहा उघडी ठेवावीत; स्वयंपाकघराचा उंबरा सायकलला अडतो, सबब तो काढावा; कोपऱ्यातल्या पाट्या-वरवंट्यास लाल रंग द्यावा; आणि वासराला मार्गाच्या मध्ये बसू देऊ नये. सोबत भिंतीवर लावायची पाटी होती: 'पुढे गोठा आहे. वेग कमी करा.'

रावजींनी पाटी लावली. सरकारी कागद आला की आधी पाळायचा आणि मग रागवायचं, ही त्यांची पद्धत. उंबरा काढायला मात्र छबूबाईंनी हात लावू दिला नाही.

तरीही सगळं निभलं असतं. छबूबाई पहाटे तीनला उठून चौसष्ट कप चहा गाळत होत्या, आणि पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून रावजीच शेतात संडासाला जात होते. पण ॲपमध्ये विश्रांतीस्थानांना तारे देण्याची सोय आहे. विशालने सहज म्हणून ते छबूबाईंना वाचून दाखवलं. कुणीतरी पाचपैकी अडीच तारे देऊन लिहिलं होतं, 'जागा चांगली, वासरू गोड, चहा पांचट.'

छबूबाईंनी गॅस बंद केला. तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या चहाला पांचट म्हणायची हिंमत सासूलाही झाली नव्हती.

"अवो," त्या रावजींना म्हणाल्या, "ही वाट ज्या दिशी मोडंल, त्या दिशी मला न्यायला या. तवर मी आक्काबाईकडं ऱ्हाते."

"आक्कीकडं? माह्यारी जा की."

"माह्यारी दादासाब येत्यात. त्येंच्या कपात चहा वतायची माझी इच्छा न्हाय."

आक्काबाई रावजींची थोरली बहीण, नरसिंहपूरच्या अलीकडे वस्तीवर राहणारी. भावजय रुसून नणंदेच्या घरी जाऊन राहते, हे वरकुट्यात कुणी ऐकलं नव्हतं. लोक रावजींकडे दयेने पाहू लागले. रविवारी सायकलवाले आले तेव्हा रावजींनी स्वतः चहा केला. तारे एकावर आले. घर कसं खायला उठलं होतं, आणि त्यातून एकशे दहा माणसं ये-जा करत होती.

शेवटी दादासाहेबांनीच मार्ग सुचवला, अर्थात फोनवरून.

"सोपं आहे. जो कुणी पूर्ण मार्ग सायकलवर पुन्हा नोंदवून पाठवील, त्याचा मार्ग सुधारित म्हणून चढतो. जुना आपोआप जातो."

"मग करा की तुमी. घाण तुमी केलीय."

"मी कर्मचारी आहे, रावजी. हरकत तुमची, पाय तुमचे."

म्हणून सत्तावन्न वर्षांच्या रावजींनी माळ्यावरची सायकल खाली काढली. मोटारसायकल घेतल्यापासून, म्हणजे बावीस वर्षांत, तिच्यावर फक्त कांद्याची पोती बसली होती. विशालने त्यांच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं, आपल्या पाइपांच्या टेंपोतून त्यांना सायकलसकट बारामतीला नेलं आणि पहाटे झेंडा दाखवल्यासारखा हात हलवला. रावजी निघाले. भवानीनगरपर्यंत गुडघे बोलत होते, पुढे ते गप्प झाले. वरकुट्यात स्वतःच्या फाटकापुढून ते मान वाकडी न करता सरळ गेले. फोनमधली बाई म्हणाली, "आपण मार्ग सोडला आहे." रावजी म्हणाले, "व्हय, सोडलाय," आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

दुपारी तीनला आक्काबाईची वस्ती आली. थांबायचं नाही असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. पण ओट्यावर छबूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. रुसलेली बायको समोर बसली असताना तिच्यापुढून सायकल दामटत जाणारा माणूस पुढच्या जन्मीसुद्धा सुधारत नाही, एवढं रावजींना कळत होतं. ते उतरले.

"एवढ्या उन्हाचं सायकलीवर?" छबूबाई म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच की. वाट मोडाय निघालुय."

छबूबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. रावजींनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाच तारे." छबूबाई पदरात तोंड लपवून हसल्या आणि पिशवी भरायला लागल्या. मग भाकरी खाऊन जा म्हणून आक्काबाईने बसवलं. मग म्हैस बघून झाली. मग आक्काबाई म्हणाली, "आलाच हाईस तर शिडीवनं स्लॅबवर चढ नि टाकीचं झाकण तेवढं नीट बसव. म्हयना झाला, कावळं पाणी पित्यात." बहिणीचं एवढं काम करणं भावाला भागच होतं. रावजी चढले, झाकण दोनदा काढून बसवलं, उतरले, दिवस मावळायच्या आत नरसिंहपूरच्या संगमावर पोचले आणि 'पाठवा' हे बटण दाबलं.

फोन सबंध वेळ खिशातच होता.

पुढचा रविवार उजाडला तो शांत. कोणी आलं नाही. गायीने पान्हा सोडला, छबूबाईंनी फक्त दोन कप चहा ठेवला आणि रावजी संडासाला पहिल्या नंबरने गेले. नऊ वाजता आक्काबाईचा फोन आला.

"रावज्या, माझ्या स्लॅबवर अठ्ठावन्न माणसं सायकली घिऊन उभी हायती. एकेक जण टाकीचं झाकण काढतुय नि लावतुय. दोनदा. कोण हायती रं ही?"

रावजींनी विशालला फोन लावला.

"काका, तुम्ही केलेला मार्ग एक नंबर आहे," विशाल धापा टाकत म्हणाला. "शिडीचा चढ जरा अवघड गेला. बापूसाहेबसुद्धा खूश आहेत, आव्हानात्मक टप्पा म्हणाले."

"अरं, पण झाकण कशापायी काढताय?"

"ते आम्हालाही कळलं नाही. पण ज्यानं नोंदवलं त्याला काहीतरी माहीत असणारच ना."

रावजींनी फोन ठेवला. त्यांनी मोटारसायकल काढली, मागे छबूबाईंना बसवलं आणि बहिणीची समजूत घालायला निघाले. चाळीस वर्षं ते त्या वाटेने जात-येत होते. भाऊबीजेला तर डोळे मिटून जायचे. पण फोनमध्ये ॲप होतंच, म्हणून त्यांनी त्यात आक्काबाईच्या वस्तीचं नाव घालून ते चालू केलं. आक्काबाईचं घर आलं. स्लॅबवर गर्दी दिसत होती, फाटकात आक्काबाई दोन्ही हात हलवत होती. फोनमधली बाई म्हणाली, "दोनशे मीटर सरळ पुढे चला."

"अवो, घर ऱ्हायलं मागं," छबूबाई म्हणाल्या.

"थांब जरा. तिला इचारू दे," रावजी म्हणाले आणि पुढे गेले. दोनशे मीटरवर ऊस लागला. उसापुढे गाडी उभी करून त्यांनी आक्काबाईला फोन लावला आणि विचारलं, "आक्के, तुझं घर नेमकं कुठं आलं गं?"

हसू नका. गेल्या लग्नसराईत मंगल कार्यालयाची कमान तुमच्या समोर होती, वाजंत्री ऐकू येत होती, नवरदेवाचा मामा रस्त्यात उभा राहून हात करत होता, आणि फोन म्हणाला म्हणून तुम्ही त्याच्यापुढून गाडी काढून पुढच्या गावाला वळसा घालून आलात. अक्षता हुकल्या. पंगतीची जागा मात्र तुम्हाला कुणालाही न विचारता सापडली.