अन्सेल्मोची बिनसाखरेची स्पॅगेटी

"उद्या या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कोणीही पाऊल टाकायचं नाही!" अन्सेल्मोने टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. "नानायच्या ऐंशीव्या वाढदिवसाची स्पॅगेटी मी करणार. खरी! टोमॅटोची! साखर नाही, केळ्याचं केचप नाही, आणि ते लाल लाल हॉटडॉग तर नाहीच नाही!"

टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे असे बघू लागले, जणू त्याने वाढदिवसच रद्द केला होता!

असं बोलायचा आपल्याला अधिकार आहे, असं निदान अन्सेल्मोला तरी वाटत होतं. सव्वीस वर्षं तो जहाजांवर स्वयंपाकी होता. एका इटालियन कप्तानाने त्याची स्पॅगेटी खाल्ली तेव्हा दोनदा पाठ थोपटली गेली होती. (दुसऱ्यांदा कप्तानाला ठसका लागला होता आणि पाठ अन्सेल्मोने थोपटली होती, पण हा तपशील बावान गावात कोणाला ठाऊक नव्हता.) मात्र त्या सव्वीस वर्षांत आईचे, म्हणजे नानायचे, सव्वीस वाढदिवस हुकले. दरवर्षी कुठल्यातरी बंदरातून, खरखरणाऱ्या फोनवर, तो एकटाच वाढदिवसाचं गाणं म्हणायचा आणि निम्म्यात फोन कटायचा. आता कायमचा घरी आल्यावर त्याची एकच इच्छा होती. आपल्या हातचं एक ताट आईने पोटभर खावं, चाटूनपुसून!

सकाळी त्याने लसूण परतला, टोमॅटो ठेचून घातले, मंद आचेवर पातेलं ठेवलं. घरभर वास सुटला. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "अन्सेल्मो! गाण्याचं मशीन बोलत नाही रे!" मशीन बंद म्हणजे वाढदिवस बंद! तो धावला.

इकडे त्याचा मेहुणा गोरियो, ज्याला तो मानाने 'कुया' म्हणजे दादा म्हणायचा, बर्फ न्यायला आत आला. पातेलं दिसलं, चमचा दिसला, माणूस चव बघणारच. त्याचे दोन्ही डोळे मिटले. "अरे देवा! बिचारा साखर विसरला!" गोरियो मनाचा मोठा. गाजावाजा न करता चार मोठे चमचे साखर घातली आणि बर्फ विसरून निघून गेला.

अन्सेल्मो परतला, चव घेतली आणि फुलून गेला. "बघा! याला म्हणतात आपल्या मातीचा टोमॅटो! असा गोडवा नेपल्समध्येसुद्धा नाही!"

पण मशीन पुन्हा रुसलं आणि तो पुन्हा बाहेर गेला. मागच्या दाराने शेजारीण साबेल, सगळ्यांची 'आलिंग' म्हणजे मावशी, शिरली. तिच्या हातात तिने घरून आणलेलं झाकलेलं ताट होतं. ते ठेवता ठेवता तिने रस चाखला, चुकचुकली आणि पुण्याचं काम म्हणून केळ्याच्या केचपची अर्धी बाटली रिकामी केली. रस असा लालभडक झाला की अन्सेल्मो परत येऊन बघतच राहिला. "रंग बघा रंग!" तो खिडकीतून ओरडला.

तिसऱ्यांदा बाहेर गेला तेव्हा मात्र तो वेळेवर परतला. पातेल्याशी त्याची थोरली बहीण लुमिंग उभी होती, त्याची 'आते' म्हणजे ताई. हातात कंडेन्स्ड मिल्कचा फोडलेला डबा!

"आते! हे काय चाललंय?"

"तुझी अब्रू वाचवतेय, गाढवा!" लुमिंग जरासुद्धा दचकली नाही. "गोरियोने साखर घातली, साबेलने केचप घातलं, तरी अजून नानायसारखी लागत नाही!"

"कोणी काय घातलं?"

अन्सेल्मोचा आवाज ऐकून गोरियो दारात आला. आता काही लपवण्यात अर्थ नव्हता, तेव्हा त्याने सरळ भाषणच ठोकलं. "महायुद्धात टोमॅटो मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या लोकांनी केळी शिजवून, लाल रंग घालून केचप केलं! आणि तू परदेशातून येऊन त्याला नाक मुरडतोस? लाज वाटते का?"

"कुया, मी स्वयंपाकी आहे!"

"मग चव बघ की!" म्हणत लुमिंगने चमचा थेट त्याच्या तोंडात कोंबला.

अन्सेल्मो ओरडणार होता. पण जिभेवर ती चव आली आणि तो चमचा चाटतच राहिला.

त्याला आपला सातवा वाढदिवस आठवला. स्पॅगेटीचा एकच पुडा आणि खाणारी नऊ तोंडं! नानायने हॉटडॉग इतके पातळ कापले होते की चकतीतून पलीकडचं दिसावं. चीज किसायला किसणी शेजारून मागून आणली होती. सगळी भावंडं कानापर्यंत लाल झाली होती, आणि त्याने ताट जिभेनेच धुतलं होतं. वर्षातून एकदाच मिळायची ती! मग बंदराबंदरांतून त्याने नावाजलेल्या हॉटेलांत स्पॅगेटी खाल्ली, मान डोलावली, आणि दर वेळी काहीतरी राहिलंय असं वाटत बाहेर पडला. जे राहिलं होतं ते या पातेल्यात होतं.

"दे इकडे तो डबा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि अख्खा डबा त्याने स्वतः ओतला! "हॉटडॉग आहेत?"

"तांदळाच्या डब्यामागे लपवलेत," लुमिंग म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "मला ठाऊक होतं तुझं."

दुपारी स्पॅगेटीचं पहिलं ताट नानायपुढे आलं. वर किसलेल्या चीजचा डोंगर! अंगण भरून पाहुणे, मशीनसुद्धा गप्प. नानायने एक घास घेतला, सावकाश चावला आणि काटा खाली ठेवला.

"आवडली नाही?" अन्सेल्मो पुढे वाकला. "अगदी तुझ्यासारखी केलीय, नानाय!"

"माझ्यासारखीच झालीय," नानाय म्हणाली. "पण मला गोड कुठे आवडतं, बाळा?"

"म्हणजे?"

"साखरेशिवाय तुम्ही नऊजण तोंडात घेत नव्हतात, म्हणून मी गोड करायची. मी कधी खाल्लीय का?" नानायने उसासा टाकला. "आज सकाळी लसूण-टोमॅटोचा असा आंबट वास आला! म्हटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याजोगं करतंय. न्याहारीसुद्धा केली नाही मी!"

अन्सेल्मोने गोरियोकडे पाहिलं, गोरियोने साबेलकडे, साबेलने लुमिंगकडे. लुमिंगने पुन्हा अन्सेल्मोकडेच पाहिलं, कारण डबा शेवटी त्यानेच ओतला होता! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"नानाय, उद्या करतो! फक्त टोमॅटोची! शपथ!"

"उद्याचं उद्या. भूक मला आत्ता लागलीय," म्हणत नानायने आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "खा तूच. तुझ्यासाठीच तर गोड करायला शिकले."

मग आलिंग साबेलने आपलं झाकलेलं ताट उघडलं. तळलेली सुकी मासळी, गरम भात, आणि वाटीभर झणझणीत व्हिनेगर! नानायने मिटक्या मारत सगळं संपवलं, बोटं चाटली आणि सर्वांदेखत साबेलच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली.

अन्सेल्मो खाली मान घालून स्पॅगेटी खात होता. हनुवटीवर केचप ओघळलं होतं.

"कशी झालीय?" लुमिंगने हळूच विचारलं.

"फार गोड आहे," तो म्हणाला आणि आणखी वाढून घ्यायला ताट पुढे केलं.